मैलागाळाचा प्रकल्प स्वस्त कशामुळे पडतो?

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या वारंगळजवळच्या गंगादेवीपल्ली या गावात एक कार्यक्रम झाला. केंद्राच्या पेयजल आणि स्वच्छता मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर एका शौचालयाच्या खड्ड्यात उतरले आणि आत तयार झालेले खत त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढले. त्यांच्यासोबत वेगवेगळ्या राज्यांतून आलेले अधिकारी होते. फोटो देशभर छापून आले आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचे कौतुक केले. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते, ते कुणीही काढू शकते, हा त्या कार्यक्रमाचा संदेश होता.

तांत्रिकदृष्ट्या संदेश बरोबर होता. पण फोटो बातमी का झाला? खड्ड्यात सचिव उतरला म्हणून. रोज जो माणूस उतरतो त्याचा फोटो कुणी काढत नाही. तो मेला तर कधी कधी दोन ओळी येतात. ‘कुणीही काढू शकते’ हे वाक्य विज्ञानाच्या वहीत खरे आहे, गावाच्या वहीत नाही. गावाच्या वहीत ‘कुणीही’ या शब्दाला जात आहे.

हे आज पुन्हा सांगायचे कारण म्हणजे त्या खड्ड्यांची आता भरण्याची वेळ आली आहे. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत ग्रामीण भारतात १० कोटींहून अधिक शौचालये बांधल्याचे सरकार सांगते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्यातली सगळी शौचालये दोन खड्ड्यांची नाहीत. कुठे एकच खोल खड्डा आहे, कुठे सेप्टिक टँक आहे पण शोषखड्डा नाही, कुठे टाकीचा पाइप थेट गटारात सोडला आहे. एकच खड्डा असेल तर तो उपसताना वरचा मैला ताजाच असतो. सेप्टिक टँकमधला गाळही कुजून खत झालेला नसतो. त्यात जंतांची अंडी आणि रोगजंतू जिवंत असतात. तो गाळ उपसून नाल्यात, ओढ्यात, गावाबाहेरच्या पडीक जागेत ओतला, तर गावाची घाण फक्त जागा बदलते. आणि गावाबाहेर कुणाची वस्ती असते, हे या स्तंभाच्या वाचकाला सांगायला नको.

म्हणून मैलागाळावर प्रक्रिया करणारे प्रकल्प हवेत, यात वाद नाही. २०१५ मध्ये बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी या छोट्या शहरात दिवसाला ६ हजार लिटर गाळ हाताळणारा प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये लेहमध्ये झाला. ओडिशाने ढेंकानालसह शहरोशहरी असे प्रकल्प उभारले. आता पाळी खेड्यांची आहे. मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या काली बिल्लोदसारख्या ग्रामपंचायतीत प्रकल्प झाला. आपल्याकडे सातारा शहराच्या प्रकल्पात आसपासच्या गावांचा गाळ आणण्याची व्यवस्था लावली गेली. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापनासाठी माणशी २३० रुपयांपर्यंत तरतूद आहे. खेड्यासाठी सुचवलेले उपायही साधे आहेत. एक खड्डा असेल तिथे दुसरा जोडणे, खोल चर खणून त्यात गाळ पुरणे आणि वर झाडे लावणे, जवळच्या शहराच्या प्रकल्पात गाळ नेणे, किंवा चार-पाच गावांत मिळून वाळूच्या वाफ्यांवर गाळ वाळवणारा छोटा प्रकल्प बांधणे. वीज कमी लागते, यंत्रे जवळपास नाहीत, शेवटी खत मिळते. या सगळ्याला एकच विशेषण लावले जाते: परवडणारा.

माझा प्रश्न या विशेषणाबद्दल आहे. परवडणारा म्हणजे कुणाला परवडणारा? आणि तो परवडतो ते कशामुळे?

मैल्याचे खत ही काही नवी कल्पना नाही. मराठीत त्याला ‘सोनखत’ हा शब्द आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये शहराचा कचरा आणि मैला थराथरांनी रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती आजही ‘बंगळूर पद्धत’ म्हणून शेतकीच्या पुस्तकांत शिकवली जाते. थर किती जाडीचा, किती महिने ठेवायचा, हे सगळे त्यात असते. मैला त्या खड्ड्यापर्यंत पाट्यांतून आणि गाड्यांतून आणणारे हात कुणाचे होते, हे त्या धड्यात नसते. सोन्याचा मान खताला मिळाला, वाहणाऱ्याला नाही.

हा धडा आजच्या मूल्यमापनातही तसाच चालू आहे. संशोधनाच्या निमित्ताने असे काही प्रकल्प मी पाहिले आणि त्यांचे मूल्यमापन अहवालही वाचले. दिवसाला किती लिटर गाळ येतो, बाहेर पडणाऱ्या पाण्याची गुणवत्ता काय, माणशी भांडवली खर्च किती, खत किती निघाले आणि किती विकले, हे रकाने सगळीकडे सापडतात. कामगाराबद्दल एक ओळ असते: ‘ऑपरेटर – १, प्रशिक्षित.’ एका गावात मी सरपंचांना विचारले की ऑपरेटर कुठला. ते म्हणाले, “आपल्याच गावातला आहे, सवय आहे त्याला.” कसली सवय, हे त्यांना सांगावेसे वाटले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. ऑपरेटर म्हणजे तोच, ज्याचे वडील गावातली मेलेली जनावरे ओढायचे. त्याला पगार नव्हता, ‘मानधन’ होते, तेही पंचायतीकडे पैसे आले की मिळणारे. अहवालात तो प्रकल्प यशस्वी होता.

आता एक साधा हिशेब मांडू. समजा, दहा हजार लोकसंख्येच्या चार-पाच गावांचा एक प्रकल्प आहे. माणशी २३० रुपयांप्रमाणे बांधकामाला जास्तीत जास्त २३ लाख रुपये मिळतील. हे पैसे उभारणीचे आहेत. रोज चालवण्याचा खर्च पंचायतीने घरपट्टी, स्वच्छता कर आणि वित्त आयोगाच्या निधीतून भागवायचा. प्रकल्पावर दोन माणसे लागतात असे धरू. प्रत्येकाला महिना १५ हजार रुपये पगार दिला तर वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात, दहा वर्षांचे ३६ लाख. म्हणजे प्रकल्पाच्या बांधकामापेक्षा माणसांचा पगार जास्त आहे. आता त्याच दोघांना ५ हजार रुपये मानधनावर ठेवा. दहा वर्षांचा खर्च १२ लाखांवर येतो आणि २४ लाख वाचतात. सरकारने प्रकल्प बांधायला जेवढे दिले, त्याहून जास्त रक्कम त्या दोन कामगारांनी आपल्या कमी पगारातून गावाला दिली. अनुदान कोण कुणाला देत आहे, ते इथे दिसते.

हाच आकडा माणशी काढून पाहा. पूर्ण पगार दिला तर गावातल्या प्रत्येक माणसावर वर्षाला ३६ रुपये पडतात, महिन्याला ३. मानधनावर भागवले तर महिन्याला १ रुपया. फरक माणशी महिना २ रुपयांचा आहे. दोन रुपये वाचावेत म्हणून एका माणसाला आयुष्यभर अर्ध्या पोटी मैल्यात उभे करायचे, आणि मग अहवालात लिहायचे की हे तंत्रज्ञान परवडणारे आहे! यात तंत्रज्ञानाचा वाटा थोडा आहे. स्वस्त आहे तो माणूस. आणि तो स्वस्त आहे, कारण हे काम नाकारायची मोकळीक जातीने त्याला ठेवलेली नाही.

पगाराच्या पलीकडे जिवाचा हिशेब आहे. गाळ उपसणारी गाडी पातळ गाळ ओढते. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे घट्ट बसलेला थर तिला ओढता येत नाही. तो ढवळायला, पाणी मारून सैल करायला माणूस आत उतरवला जातो. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. खेड्यात तर अरुंद बोळातल्या कोरड्या खड्ड्यापर्यंत गाडीच पोचत नाही, तिथे फावडे आणि घमेलेच चालते. प्रकल्पावरही वाफ्यांवर वाळलेला गाळ खरवडून काढायला, पोती भरायला हातच लागतात. साखळीच्या दोन्ही टोकांना माणूस आहे, आणि आपण मोजतो फक्त मधला प्रकल्प.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणे हा गुन्हा ठरवला, गटारे आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाईही बंद केली. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत एक पळवाट आहे. सरकारने ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरून मैला काढणारा माणूस ‘हाताने मैला साफ करणारा’ ठरत नाही. म्हणजे हातमोजे दिले की व्याख्या बदलते. काम तेच राहते, जात तीच राहते, सरकारी यादीतून मात्र नाव जाते. आणि हातमोजे खरोखर दिले जातात का? २०२२ आणि २०२३ मधल्या मृत्यूंपैकी काहींचे केंद्र सरकारने सामाजिक अंकेक्षण करून घेतले. त्यात मेलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांकडे कसलीही संरक्षक साधने नव्हती.

मोजणीचेही तसेच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत ग्रामीण भारतात १,८०,६५७ कुटुंबे मैला साफ करण्याच्या कामावर जगत असल्याचे आढळले. २०१३ आणि २०१८ च्या सरकारी सर्वेक्षणांत देशभर मिळून ५८,०९८ माणसे सापडली. त्यातल्या ज्यांच्या जातीची नोंद होती, त्यांत सुमारे ९७ टक्के अनुसूचित जातींचे होते. पुढे ‘नमस्ते’ योजनेत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या शहरी कामगारांची नोंदणी सुरू झाली. २०२४ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीनुसार नोंदवलेल्या सुमारे ३८ हजारांपैकी जवळजवळ ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. ही नोंदणी शहरी स्थानिक संस्थांमधली होती. ओडिशाने २०२० मध्ये सफाई कामगारांसाठी ‘गरिमा’ योजना आणली, तीही शहरांसाठी. म्हणजे प्रकल्प खेड्यात चालले आहेत आणि कामगारांची गणना, विमा, ओळखपत्र शहरात थांबले आहे. खेड्यातला कामगार सरकारी भाषेत अजून जन्मलेलाच नाही.

आता खताकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शेतीत वापरायच्या प्रक्रिया केलेल्या गाळाच्या एका ग्रॅम कोरड्या भागात जंतांच्या अंड्यांचे प्रमाण एकापेक्षा कमी असावे. ही तपासणी आवश्यकच आहे, गोलजंताची अंडी मातीत फार काळ टिकतात. खताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, कारण ते शेतकऱ्याच्या रानात जाणार आहे. पण तो गाळ रोज हाताळणाऱ्या माणसाची जंतांची तपासणी होते का? त्याला धनुर्वाताची, काविळीची लस दिली का? मी वाचलेल्या अहवालांत खताच्या तपासणीचा तक्ता होता, माणसाच्या तपासणीचा नव्हता.

आणि खताचा फायदा कुणाला? ज्याला जमीन आहे त्याला. ग्रामीण लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ मध्ये साडेअठरा टक्के होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीखालच्या जमिनीतला त्यांचा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे गाळ उपसणारा, वाळवणारा, पोती भरणारा बहुतेक वेळा भूमिहीन, आणि पीक दुसऱ्याचे. प्रकल्पाची जागाही तशीच ठरते. ‘पंचायतीची मोकळी जमीन’ म्हणजे नक्की कोणती? महाराष्ट्रात अशी जमीन अनेकदा गायरान असते आणि मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी वर्षानुवर्षे लढून ती कसली आहे. नकाशावर मोकळी दिसणारी जागा कुणाची तरी भाकरी असू शकते. हा प्रश्न जागा निवडताना विचारला गेला का, हेही मूल्यमापनात यायला हवे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की तांत्रिक विषयात जात आणू नका. पण जात आम्ही आणलेली नाही, ती खड्ड्यात आधीपासून आहे. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी ‘व्हेअर इंडिया गोज’ या २०१७ च्या पुस्तकात उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल दाखवले की लोक छोटा, परवडणारा खड्डा नाकारतात आणि खोलीएवढा मोठा खड्डा मागतात, कारण छोटा खड्डा उपसावा लागेल आणि उपसणे हे विटाळाचे काम आहे. स्वस्त शौचालय जातीनेच महाग केले आणि स्वस्त प्रकल्पही जातीनेच स्वस्त केला. मग मोजताना ती वगळणे शास्त्रीय कसे?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पगार, विमा, यंत्रे असे खर्च वाढवले तर गरीब पंचायती प्रकल्पच करणार नाहीत, आणि मग खड्डे पूर्वीसारखेच अंधारात हाताने उपसले जातील. ही भीती खोटी नाही. पण खर्च न दाखवल्याने तो नाहीसा होत नाही, तो फक्त कामगाराच्या अंगावर पडतो. पंचायतीला झेपत नसेल तर राज्याने आणि केंद्राने चालवण्याच्या खर्चाचाही वाटा उचलावा. सिमेंटला योजना आहे, मजुरीला का नाही?

काही जण सांगतील की उत्तर मनपरिवर्तनात आहे, सगळ्यांनी हे काम करावे. आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये उपोषण केले आणि पुढे कणकवलीला गोपुरीत खताचे संडास उभारले. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण एका सवर्णाने स्वतःच्या निवडीने हे काम करणे आणि एका मेहतराने, वाल्मिकीने, डोमाने, मादिगाने जन्माने ते करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कधीही हात धुऊन बाहेर पडू शकतो. जात ही निव्वळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हा बाबासाहेबांचा मुद्दा इथे लागू पडतो. उतरंड मोडते ती नेमणुकीच्या कागदावर आणि पगाराच्या यादीवर. कटकमध्ये प्रकल्प चालवण्याचे काम तृतीयपंथीयांच्या बचत गटाला दिले गेले. त्याचे स्वागत करताना हेही विचारावे लागते की मैल्याजवळचे काम वाटताना समाजाला नेहमी कडेला ढकललेलीच माणसे का आठवतात, आणि त्यांना त्यात मालकी मिळते की फक्त मजुरी.

म्हणून ग्रामीण मैलागाळ प्रकल्पाच्या प्रत्येक मूल्यमापनात पाच रकाने सक्तीचे करावेत. एक, प्रत्येक कामगाराचा मालक कोण, लेखी नेमणूक आहे का, पगार किती आणि तो वेळेवर होतो का. खर्चाचा आकडा किमान वेतन, विमा आणि रजा धरूनच काढावा. दोन, उपसण्यापासून पोती भरण्यापर्यंतचे काम कोणत्या समाजाची माणसे करतात आणि देखरेख, हिशेब, ठेका कुणाकडे आहे. तीन, वर्षभरात माणूस किती वेळा खड्ड्यात किंवा टाकीत उतरवला गेला. शून्याशिवाय दुसरा कोणताही आकडा आला तर प्रकल्प नापास. चार, कामगारांच्या आरोग्य तपासण्या आणि लसीकरण, खताच्या तपासणीइतक्याच नियमाने. पाच, जागा कुणाच्या वस्तीजवळ आहे आणि खताच्या उत्पन्नात कामगारांचा वाटा किती. हे रकाने ग्रामसेवकाने कार्यालयात बसून भरायचे नाहीत. कामगार आणि त्यांच्या वस्तीतली माणसे ज्या ग्रामसभेला हजर असतील, तिथे ते वाचून दाखवले पाहिजेत. हे रकाने जोडायला नवा कायदा लागत नाही, अहवालाचा नमुना बदलावा लागतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटार आणि टाकीतल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. आपल्या दहा हजारांच्या गावसमूहात प्रकल्पाच्या बांधकामाला २३ लाख मिळतात. म्हणजे न्यायालयाच्या हिशेबानेही एका माणसाचा जीव त्या प्रकल्पापेक्षा महाग आहे. गावाच्या हिशेबात मात्र तो महिन्याला माणशी दोन रुपयांनाही महाग वाटतो. या दोन हिशेबांपैकी कोणता धरायचा, हे अभियंत्यांना नाही, आपल्याला ठरवायचे आहे. पुढच्या वेळी एखाद्या गावचा प्रकल्प ‘आदर्श’ म्हणून समोर आला, तर आधी एवढेच विचारा: तिथला ऑपरेटर कोण आहे, आणि गेल्या महिन्याचा पगार त्याला मिळाला का?